विजयदुर्गावरचे ओटे आणि एक पिवळी रेघ

इंग्लंडातल्या शाळांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना विज्ञानात प्रकाशाचा धडा असतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, आरशावर आपटून परत येतो, काचेत किंवा पाण्यात शिरताना वाकतो, आणि लोलकातून गेला की त्याचे रंग वेगळे होतात. आपण सगळ्यांनी हेच पाठ केले होते, फक्त मराठीत. आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या पाच-सहा मुलांचा हा धडा एकाच सुमारास चालू होता, म्हणून एका रविवारी व्याकरण बाजूला ठेवून मी त्यांना कोकणातली प्रकाशाची गोष्ट सांगायला घेतली.

गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. १८ ऑगस्ट १८६८ रोजी सूर्याला खग्रास ग्रहण लागले. नॉर्मन लॉकियर नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्ग किल्ल्यावर दुर्बीण मांडून बसला होता. त्याने सूर्याच्या उजेडात एक अनोळखी पिवळी रेघ पाहिली आणि हेलियमचा शोध लागला. दुर्बिणीसाठी बांधलेले ओटे अजून किल्ल्यात आहेत, त्यांना लोक ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात, आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. मी हे वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. एकदा तर भारतातून आलेल्या पाहुण्यांनाही मोठ्या ऐटीत ऐकवले होते.

एका मुलीने हात वर केला. “काका, पण तो १८६८ मध्ये लंडनला होता असं लिहिलंय.” तिने ते कुठे वाचले होते कोण जाणे. मी “बघून सांगतो” म्हटले आणि विषय बदलला. घरी येऊन बघितले. मुलीचे बरोबर होते.

म्हणून आता ही गोष्ट पुन्हा, नीट सांगतो. बरोबर सांगितली तरी तिच्यात विजयदुर्ग राहतोच. फक्त तो वेगळ्या जागी येतो.

सुरुवात लोलकापासून करावी लागेल. न्यूटनने सतराव्या शतकात खिडकीच्या भोकातून येणारी उन्हाची तिरीप लोलकातून नेऊन भिंतीवर रंगांचा पट्टा पाडला आणि दाखवून दिले की हे रंग काच तयार करत नाही, ते उन्हातच असतात. वाकताना तांबडा सर्वांत कमी वाकतो, जांभळा सर्वांत जास्त, म्हणून ते वेगळे पडतात. पाठ्यपुस्तकात यालाच अपस्करण म्हणतात. बहुतेक पुस्तके इथे इंद्रधनुष्याचे चित्र देऊन धडा संपवतात, आणि खरी गंमत तिथून पुढे आहे.

१८१४ च्या सुमारास बव्हेरियातल्या योझेफ फ्राउनहोफर नावाच्या काच-कारागिराने तो पट्टा फार चांगल्या लोलकातून आणि छोट्या दुर्बिणीतून पाहिला. पट्टा सलग नव्हता. त्यात शेकडो बारीक काळ्या रेघा होत्या. त्याने ५७४ मोजल्या आणि ठळक रेघांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. त्याला हव्या होत्या त्या काचेची पारख करायला नेमक्या खुणा. या रेघा का आहेत, हे त्याला कळले नाही. पिवळ्या भागातली ‘डी’ मात्र लक्षात ठेवा. ती एक नसून अगदी चिकटून असलेल्या दोन रेघा आहेत.

तिचा अर्थ लागायला आणखी पंचेचाळीस वर्षे गेली, आणि तो स्वयंपाकघरात रोज दिसणारा आहे. गॅसवर वरण उतू गेले की निळी ज्योत एकदम पिवळी होते. ते मिठातले सोडियम. हायडलबर्गमध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी एकेक क्षार ज्योतीत धरून तिचा उजेड लोलकातून पाहिला. तापलेल्या सोडियमच्या वाफेचा उजेड पट्टा देतच नाही. अंधारात फक्त दोन पिवळ्या रेघा, आणि त्या नेमक्या ‘डी’च्या जागी. १८५९ मध्ये किर्खहोफने सांगितले की मूलद्रव्याची तापलेली वाफ ज्या रंगाचा उजेड देते, तोच रंग ती मागून येणाऱ्या प्रखर उजेडातून गिळतेही. म्हणजे सूर्याच्या पट्ट्यातली काळी ‘डी’ ही तिथल्या सोडियमची सही. १८३५ मध्ये ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहून ठेवले होते की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. तो बिचारा १८५७ मध्ये गेला. आणखी दोन वर्षे जगता तर खोडून लिहावे लागले असते.

आता ग्रहण. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याची तबकडी पूर्ण झाकतो तेव्हा कडेला लालसर ज्वाळा दिसतात. १८४२ आणि १८५१ च्या ग्रहणांत त्या अनेकांनी पाहिल्या आणि त्या सूर्याच्या की चंद्राच्या यावर वाद झाला. १८६० मध्ये स्पेनमध्ये घेतलेल्या छायाचित्रांनी त्या सूर्याच्याच असल्याचे पक्के केले. राहिला प्रश्न एकच, त्या कशाच्या आहेत? ज्वाळा घन किंवा द्रव असतील तर लोलकातून सलग पट्टा दिसेल, वायूच्या असतील तर सुट्या तेजस्वी रेघा. हे तपासायची पहिली चांगली संधी म्हणजे १८ ऑगस्ट १८६८. त्या ग्रहणाची सावली एडनकडून येऊन दख्खन ओलांडून सयामपर्यंत जाणार होती आणि अंधार पाच मिनिटांहून जास्त टिकणार होता. ज्या ग्रहणांचे वेध शास्त्रज्ञ सहसा घेतात त्यांच्या मानाने ही चैनच.

तो दिवस श्रावण अमावस्येचा होता. श्रावण अमावस्येला कोकणात आकाश कसे असते हे तिथल्या माणसाला सांगायला नको. दुर्बीण घेऊन निघालेला कोणीही शहाणा माणूस त्या दिवशी विजयदुर्गाला गेला नसता. मंडळी गेली घाटापलीकडे. फ्रेंच ज्युल जान्सन आणि इंग्रजांचे मेजर टेनंट आंध्रातल्या गुंटूरला, मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला, कॅप्टन हेग विजापूरला. आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा मुलगा, लंडनच्या रॉयल सोसायटीने पाठवलेला वर्णपटदर्शक घेऊन जमखंडीला. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. मराठी इतिहासाशी त्या दिवसाचा धागा शोधायचाच असेल तर तो विजयदुर्गापेक्षा जमखंडीत सापडतो. तिथेही ढगांनी छळले, पण एका फटीतून हर्शेलला ज्वाळेच्या उजेडात तीन तेजस्वी रेघा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी.

बाकीच्यांनाही रेघाच दिसल्या. म्हणजे ज्वाळा वायूच्या. तांबडी आणि निळी हायड्रोजनच्या हे लगेच जुळले. पिवळी-नारिंगी दिसली ती ‘डी’च्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ, आणि बहुतेकांनी तिला सोडियम समजून पुढे सरकायचे ठरवले. पाच मिनिटांत, हात थरथरत असताना, ढगांवर एक डोळा ठेवून एवढे बारीक अंतर मोजणे सोपे नव्हते. त्या दिवशी नवे मूलद्रव्य सापडल्याचे कोणीच जाहीर केले नाही. हेलियमचा उजेड त्या दिवशी अनेकांच्या डोळ्यांत शिरला, एवढेच म्हणता येते.

गुंटूरला जान्सनच्या मनात मात्र वेगळेच आले. रेघा इतक्या झळझळीत होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी, १९ ऑगस्टला, सूर्य पूर्ण उघडा असताना त्याने वर्णपटदर्शकाची फट सूर्याच्या कडेवर धरली आणि ज्वाळांच्या रेघा खरोखर दिसल्या.

हे कसे शक्य झाले, हे मुलांना सांगताना मला सर्वांत आनंद होतो. एरवी ज्वाळा दिसत नाहीत त्या फिक्या असतात म्हणून नव्हे, तर भोवतालचे आकाश उजळलेले असते म्हणून. हवा सूर्याचा उजेड विखुरते आणि त्या झगझगाटात ज्वाळा हरवते. पण आकाशाचा हा उजेड सगळ्या रंगांचा असतो. लोलकाने तो लांब पट्ट्यावर पसरला की चमचाभर तूप मोठ्या परातीवर पसरावे तसा पातळ होतो. एकापुढे एक लोलक लावत गेलात तर आणखी पातळ. ज्वाळेचा उजेड मात्र मोजक्याच रंगांचा. त्याला पसरायला जागाच नाही. तिची तांबडी रेघ तांबडीच्या जागी राहते, पिवळी पिवळीच्या. लोलक वाढवले तर त्या फक्त एकमेकींपासून दूर जातात, फिक्या पडत नाहीत. आकाश विरत जाते आणि रेघा उठून दिसतात. चंद्राचे काम चार-पाच काचेच्या तुकड्यांनी करायचे, इतकी ही युक्ती साधी आहे.

हीच युक्ती जान्सनच्या दोन वर्षे आधी आणखी एकाला सुचली होती. तो म्हणजे आपला लॉकियर. तो लंडनच्या युद्धखात्यात कारकून होता आणि घरच्या दुर्बिणीतून सूर्य पाहणे हा त्याचा छंद. १८६६ मध्ये त्याने ही कल्पना मांडली आणि त्यासाठी जबरदस्त वर्णपटदर्शक बनवायला दिला. कारागिरांनी तो देता देता दोन वर्षे घालवली. (लंडनमध्ये घराचे काम काढलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही.) उपकरण हातात आले १६ ऑक्टोबर १८६८ ला, म्हणजे ग्रहण होऊन दोन महिने झाल्यावर. चार दिवसांनी, २० ऑक्टोबरला, लंडनमधूनच, कुठलेही ग्रहण नसताना, त्याला ज्वाळेच्या रेघा दिसल्या.

जान्सनने १९ सप्टेंबरला लिहिलेले पत्र बोटीने पॅरिसला पोहोचायला महिन्याहून जास्त लागला. सुएझचा कालवा अजून उघडायचा होता. त्यामुळे त्याचे पत्र आणि लॉकियरचे निवेदन फ्रेंच अकादमीच्या २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचले गेले. पहिला कोण, यावर भांडण होण्याजोगीच परिस्थिती. पण दोघांनी ते केले नाही, पुढे मित्र झाले, आणि फ्रान्सने एकाच पदकावर दोघांचे चेहरे कोरले.

आता लॉकियरला घाई नव्हती, आणि सगळी गोष्ट या ‘घाई नव्हती’वर आहे. ग्रहणात मिनिटे मिळतात, त्याच्याकडे रोजचा दिवस होता. इंग्लंडमध्ये ऊन पडेल तेवढा, हे धरून. तो तीच पिवळी रेघ पुन्हा पुन्हा मोजू शकत होता. ती सोडियमच्या जोडीवर बसत नव्हती. थोडी बाजूला, हिरव्याच्या अंगाला होती. आजच्या मापात सांगायचे तर सोडियमच्या दोन रेघा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरला आणि ही ५८७.६ ला. पहिल्या दोघींना डी-१, डी-२ म्हणत, म्हणून हिला डी-३ नाव पडले. ही कदाचित वेगळ्या दाबाखालच्या हायड्रोजनची असेल म्हणून लॉकियरने एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजनचे बरेच हाल केले. रेघ येईना. शेवटी पृथ्वीवर न सापडलेले काहीतरी असावे असे धरून त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ म्हटले गेले. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या भाषणात हे नाव आले. शेवटचा ‘इयम’ सोडियम-पोटॅशियमसारखा आहे, कारण तो धातू असेल असा समज होता. निऑन, अर्गॉन या भावंडांत हेलियमचे शेपूट वेगळे दिसते ते त्यामुळे.

पुष्कळांनी डोकी हलवली. एका रेघेवरून मूलद्रव्य? लॉकियरला जवळजवळ सत्तावीस वर्षे वाट पाहावी लागली. मार्च १८९५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅमसे अर्गॉनच्या शोधात होते. क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर त्यांनी आम्ल टाकले, निघालेला वायू नळीत भरून त्यातून वीज सोडली, आणि उजेड लोलकातून पाहिला. पिवळी रेघ, पण सोडियमची नव्हे. विल्यम क्रुक्स यांनी मोजून सांगितले की ही डी-३च आहे. सूर्यात नाव पडलेला वायू अखेर जमिनीवरच्या दगडातून निघाला.

आणि आता, तीन वर्षांनी, लॉकियर विजयदुर्गाला येतो.

भारतात तो आधी एकदा येऊन गेला होता. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी त्याने मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यावर तळ दिला होता. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून येऊन कोकणच्या किनाऱ्याला लागणार होती. १८९६ मध्ये नॉर्वेला एवढी तयारी नेऊनही ढगांनी सगळे वाया घालवले होते. कोकणातला जानेवारी म्हणजे पौषातले निरभ्र आकाश. लॉकियर, आता साठीतला, सर किताब मिळालेला, विजयदुर्ग किल्ल्यात उतरला. मदतीला नौदलाच्या ‘मेलपोमिनी’ या जहाजाचे अधिकारी आणि खलाशी होते. त्यांना वेळ मोजण्यापासून कॉरोनाची चित्रे काढण्यापर्यंत कामे वाटून, तालमी घेऊन तयार केले होते. किल्ल्यातले ते ओटे जुळतात ते याच मुक्कामाशी.

अंधार दोन मिनिटांच्या आसपास टिकला. आकाश स्वच्छ होते. इथे मुख्य काम लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांचे. त्यात फट नसते. चंद्राआडून उरलेली सूर्याच्या कडेची बारीक कोर हीच फट होते, म्हणून छायाचित्रात रेघांऐवजी चंद्रकोरी उमटतात, प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगाची एकेक. त्यात हेलियमची कोरही असते. तीस वर्षांपूर्वी जिच्यावरून टवाळी झाली, तिची आता ओळख पटलेली होती, आणि तिचा मालक ती आंग्र्यांच्या किल्ल्यातून पाहत होता. मला ही गोष्ट शोधाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

तीच सावली पुढे घाट चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेली. तिथे अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कँपबेल होते, आणि शेजारी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती, वीस इंची दुर्बिणीची. त्यांनी जेऊरला ग्रहणाचा वर्णपट टिपला आणि सविस्तर अहवाल छापला. त्यांच्यामागे वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? साहेबाचे ओटे आपण जपले, ते चांगलेच केले. जेऊरच्या माळावर आपल्याच माणसाने जे केले त्याचा मात्र दिवस कोणी पाळत नाही.

काळही लक्षात घ्यावा. मुंबईत प्लेग होता. आदल्या जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला होता. ज्या मराठी माणसाने वेदकाळाचा अंदाज नक्षत्रांवरून बांधून ‘ओरायन’ लिहिले, ते टिळक त्या ग्रहणाच्या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. सरकारी जहाजावरून साहेबाची दुर्बीण किल्ल्यावर चढत होती ती अशा वेळी. गावकऱ्यांच्या आठवणीत ओटे राहिले याचे मला नवल वाटत नाही.

मग घोटाळा झाला कसा? माझा अंदाज असा. लॉकियर आणि हेलियम, हे खरे. हेलियमची रेघ आणि १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण, हेही खरे. लॉकियर आणि विजयदुर्ग, हेसुद्धा खरे. या तीन खऱ्या गोष्टी एका वाक्यात कोंबल्या की वाक्य खोटे होते. शिवाय मराठीत ६ चा ९ व्हायला एका आकड्याचीच चूक लागते. परदेशात राहणारे आपण अशी वाक्ये जरा जास्तच उराशी धरतो. इथल्या मुलांना सांगायला आपल्याकडचे काहीतरी हवे असते, आणि ते हातात आले की कोणी उलटून तपासत नाही. मी तरी तपासले नव्हते.

पुढच्या रविवारी मी मुलांसमोर चूक कबूल केली. मग खोक्याला ब्लेडने फट पाडून, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवून एक वर्णपटदर्शक केला. सीडी लोलकासारखी रंग वाकवत नाही, तिच्यावरच्या बारीक खाचा ते काम वेगळ्या रीतीने करतात, पण रंग सुटे होतात हे खरे. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवे घालवले आणि गॅसच्या ज्योतीत मिठाच्या पाण्यात बुडवलेली लाकडी काडी धरली. ज्योत पिवळी झाली. खोक्यात अंधार आणि मधोमध एकच पिवळी रेघ.

“ही डी?” त्याच मुलीने विचारले.

“डी-१ आणि डी-२. आपल्याला मिळून एकच दिसते.”

“आणि हेलियम आणलं तर डी-३ बाजूला दिसेल?”

फरक दीड नॅनोमीटरचाही नाही. मी म्हटले, या खोक्यातून नाही दिसणार. फट आणखी बारीक लागेल, आणि लोलक बरेच लागतील.

तिने खोके डोळ्याला लावून पुन्हा बघितले, आणि फट किती बारीक करता येईल ते नखाने चाचपायला लागली.